वारसा परिसरात नवी इमारत येतेय? हरकत-सूचना अशी नोंदवा

गल्लीच्या तोंडाशी पत्रे लागतात, जुन्या बंगल्याची कौलं उतरायला सुरुवात होते आणि मग शेजारीपाजारी एकमेकांना विचारतात, आता कुणाकडे जायचं? बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. नवी इमारत किती उंच असावी, रस्त्यापासून किती मागे असावी, तळमजल्यावर दुकानं यावीत की पार्किंगची भिंत, हे कागदावर कधीच ठरून गेलेलं असतं. ते ठरत असताना नागरिकांना बोलण्याची सोय कायद्यात आहे, पण ती विशिष्ट टप्प्यांवर आणि विशिष्ट मुदतीतच. हे टप्पे कोणते आणि हरकत कशी लिहिली तर तिचा उपयोग होतो, ते इथे मुंबईच्या आधाराने क्रमाने सांगितलं आहे. वारसा नियमावली देशात सर्वांत आधी, १९९५ साली, मुंबईतच आली आणि तिथली पद्धत समजली की इतर शहरांतली समजायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. कोणतं कलम, किती मीटर आणि नेमका कोणता बदल हवा, या तीन प्रश्नांची उत्तरं नसलेली हरकत फाइलमध्ये जाते आणि तिथेच राहते. ‘आमच्या वाडीचं सौंदर्य नष्ट होईल’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर शेरा मारता येत नाही. ‘प्रस्तावित कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी) शेजारच्या इमारतीपेक्षा २.४ मीटर वर आहे, ती खाली आणावी’ यावर मात्र त्याला हो किंवा नाही लिहावंच लागतं.

आधी जागेचा दर्जा शोधा

इमारत जुनी आहे म्हणून ती वारसा यादीत असेलच असं नाही. शिवाय इमारत स्वतः यादीत नसली तरी ती वारसा परिसरात असू शकते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. परिसर म्हणजे फक्त इमारती नव्हेत. रस्ते, मोकळ्या जागा, झाडं, इमारतींच्या रांगा हे सगळं त्यात येतं.

मिळकत पत्रिकेवरून सिटी सर्व्हे नंबर काढा. त्या नंबरावर पालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय मागवा. बोलताना सगळे त्याला डीपी रिमार्क म्हणतात. ठराविक शुल्क भरून तो कुणालाही मिळतो, मालक असावं लागत नाही. भूखंड यादीतल्या इमारतीचा आहे का, वारसा परिसरात येतो का, रस्तारुंदीची रेषा जाते का, हे त्यावर लिहिलेलं असतं. पत्त्यावर विसंबू नका. गिरगावात किंवा माझगावात एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाडीत चार-पाच वेगळे नंबर निघतात आणि चुकीच्या नंबरावरची हरकत पहिल्या छाननीतच बाजूला पडते.

मग श्रेणी पाहा. श्रेणी एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिच्यात मजबुतीकरणापलीकडे जवळजवळ काहीच करता येत नाही, आणि तिच्या आजूबाजूला होणारं बांधकामही तिची भव्यता किंवा तिथून दिसणारं दृश्य बिघडवणार नाही अशा रीतीने नियंत्रित करायचं असतं. शेजारच्या भूखंडावरच्या टॉवरवर हरकत घ्यायची असेल तर सर्वांत भक्कम आधार हाच. श्रेणी दोन-अ आणि दोन-ब यांत काही फेरफार चालतात. दोन-ब मध्ये त्याच आवारात जोड इमारतही काही वेळा होऊ शकते, पण ती उंची आणि दर्शनी भाग या दोन बाबतींत मूळ इमारतीशी सुसंगत हवी. श्रेणी तीनमधल्या इमारती शहराच्या एकूण रूपासाठी महत्त्वाच्या. त्यांत आतबाहेर बदलांना बरीच मोकळीक आहे आणि पुनर्विकासाचे बहुतेक वाद याच श्रेणीत आणि परिसरांत होतात.

कोणतं दार उघडं आहे?

नवखा माणूस सर्वांत जास्त चुकतो ते इथे. हरकत योग्य असते, पण ती ज्या दारी नेली तिथे तो विषयच नसतो.

पहिलं दार विकास आराखड्याचं. प्रारूप आराखडा आणि नियमावली जाहीर झाली की त्याच अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. ही संधी दशकांतून एकदा येते, पण तिची ताकद मोठी असते. मुंबईचा २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला प्रारूप आराखडा आठवून पाहा. वारसा इमारती नकाशातून गळल्याच्या, रस्ते चुकीच्या जागी दाखवल्याच्या तक्रारींचा इतका पाऊस पडला की एप्रिलमध्येच सरकारने तो नव्याने करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि नवी नियमावली २०१८ मध्ये मंजूर झाली. त्या तक्रारी उपयोगी पडल्या, कारण अनेकांनी ‘या नंबरच्या भूखंडावर नकाशात हे दाखवलंय, जागेवर हे आहे’ असं लिहून दिलं होतं.

दुसरं दार फेरबदलाचं, म्हणजे कलम ३७. नियमावलीतलं एखादं कलम, एखाद्या परिसराची उंचीमर्यादा, वारसा यादीतला बदल असं काही करायचं झालं की राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते. पालिकेच्या प्रस्तावावर एक महिन्याच्या आत हरकत नोंदवता येते. सरकारही ३७ च्या पोटकलम (१कक) खाली स्वतः फेरबदल सुचवू शकतं, त्यालाही जाहीर सूचना आणि सुनावणी लागते. या सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानांवर बारीक टायपात छापून येतात. वाडीतल्या किंवा सोसायटीतल्या एका माणसाने आठवड्यातून एकदा पालिकेचं आणि नगरविकास खात्याचं संकेतस्थळ पाहायचं, एवढं ठरवून टाका. महिना म्हणजे फार वेळ नव्हे. त्यातले दहा दिवस कागद मिळवण्यातच जातात.

वारसा यादीत भर घालतानाही हरकती मागवाव्या लागतात. २०१२ च्या जुलैअखेरीस मुंबईत मोठी प्रस्तावित यादी जाहीर झाली. त्यात दादरचा शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी असे परिसर होते. तेव्हा समावेशाच्या बाजूनेही लोक बोलले आणि पुनर्विकास अडेल या काळजीने विरोधातही मोठ्या संख्येने बोलले. दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवण्याचा हक्क तितकाच खरा आहे. पाठिंब्याचं पत्रही पाठवावं लागतं हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एखादी तरतूद चांगली असूनही तिच्या बाजूने एकही कागद नसेल तर ती सुनावणीनंतर सहज वगळली जाते.

तिसरं दार एकेका इमारतीच्या परवानगीचं, आणि ते अर्धवटच उघडं आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला नियम ५२ सांगतो की यादीतल्या इमारतीत किंवा परिसरात बांधकाम, पाडकाम, दुरुस्ती, अगदी रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही आणि आयुक्त मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेऊन निर्णय देतात. सल्ला डावलायचा असेल तर तो अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लेखी नोंदवून. पण प्रत्येक प्रस्तावावर जाहीर हरकती मागवण्याचं बंधन इथे नाही. म्हणजे कुणी तुम्हाला बोलावणार नाही. तुम्हालाच प्रस्ताव समितीपुढे यायच्या आत पत्र पोचवावं लागतं.

चौथं दार लोक विसरतात, ते झाडांचं. झाड तोडण्याच्या अर्जाची नोटीस झाडाच्या बुंध्यावर लावली जाते आणि हरकतीला मोजकेच दिवस असतात. नवं बांधकाम येतंय याची पहिली खूण पुष्कळदा हीच असते. दादरसारख्या ठिकाणी रस्त्यावरची झाडांची कमान हा परिसराचाच भाग आहे. तिथे वृक्ष प्राधिकरणाकडची हरकत आणि वारसा समितीला पत्र, दोन्ही एकाच दिवशी द्या.

मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यातही वारसा संवर्धनाची तरतूद आहे. पुण्यात शनिवारवाडा, पाताळेश्वर किंवा आगाखान पॅलेसच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक कायदा पाहावा लागतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते नियंत्रित आहे. अशा स्मारकांचे वारसा उपविधी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण मंजूर करतं. मसुदा जाहीर झाला की लोकांचं म्हणणं मागवतात. भोवतालची उंची, रंग, छपरं यांचे नियम त्यातच ठरतात, म्हणून मसुद्याच्या वेळीच बोलायला हवं.

कागद मिळवा

नकाशे न पाहता हरकत लिहू नका. पुनर्विकासाचा प्रकल्प विक्रीसाठी नोंदला गेला असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र फुकट पाहता येतं. तोवर वाट पाहिली तर मात्र परवानगी होऊन गेलेली असते. त्याआधीचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून इमारत प्रस्ताव खात्याला वेगळा आणि वारसा समितीच्या कार्यालयाला वेगळा अर्ज करा.

अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की नकार ठरलेला. मागायचं ते नाव घेऊन मागा: अमुक सिटी सर्व्हे नंबरावरच्या प्रस्तावाचा स्थलदर्शक नकाशा, चारही बाजूंचे दर्शनी नकाशे, छेद (इमारत उभी कापून दाखवणारा नकाशा), समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि समितीचं अभिप्रायपत्र. प्रती मागण्याऐवजी फाइलची पाहणी मागितली तर काम लवकर होतं. पाहणीला मोजपट्टी, वही आणि नकाशे वाचता येणारं एक माणूस बरोबर न्या. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा चालेल. पाहायचं आहे ते मुख्यतः छेदात असतं: जोत्याची उंची, प्रत्येक मजल्याची उंची, पार्किंगचे मजले किती, कठडा किती, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली किती वर जाते. बिल्डर सांगतो ती ‘सात मजली’ इमारत छेदात मोजली की पुष्कळदा नऊ मजल्यांएवढी भरते, कारण पार्किंग आणि गच्चीवरचं बांधकाम बोलण्यात धरलेलं नसतं.

रस्ता मोजा

हा भाग सर्वांत मेहनतीचा आहे आणि हरकतीचं वजन यावरच ठरतं. एका रविवारी सकाळी दोन माणसांना तीन-चार तास लागतात. ३० मीटरची फीत, साधा लेसर मापक आणि आलेखाचा कागद पुरतो.

प्रस्तावित भूखंडाच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन आणि समोरच्या तीन इमारती घ्या. प्रत्येकीची रुंदी, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, जोतं, प्रत्येक मजल्याच्या खिडकीचा तळ आणि माथा, कॉर्निस किंवा वळचणीची उंची, छपराचा कणा नोंदवा. मग एकाच प्रमाणात सगळ्या इमारती एका ओळीत काढा आणि फाइलमधल्या मापांवरून नवी इमारत त्यांच्यात बसवा. हा एक कागद पानभर मजकुराहून जास्त बोलतो.

तो काढताना काय दिसतं? जुन्या इमारतीचे मजले चार-साडेचार मीटरचे असतात, नव्या इमारतीचे तीनच्या आसपास. त्यामुळे एकूण उंची सारखी असली तरी जुन्या तीन मजल्यांच्या जागी नवे चार बसतात आणि खिडक्यांच्या, बाल्कन्यांच्या, छज्ज्यांच्या ओळी कुठेच जुळत नाहीत. रस्त्यावरून चालणाऱ्याला खटकतं ते हे, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. बॅलार्ड इस्टेटमध्ये वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या रचनेत इमारती वेगवेगळ्या कंपन्यांच्या असूनही रस्ता एकसंध वाटतो, याचं मोठं कारण त्यांच्या कॉर्निसच्या ओळी जवळजवळ एका पातळीत आहेत.

वरचे मजले मागे सरकवा अशी मागणी करायची असेल तर किती, ते गणिताने सांगा. समजा, समोरच्या फुटपाथवर उभ्या माणसाचे डोळे १.५ मीटर उंचीवर, दर्शनी भिंत त्याच्यापासून १२ मीटर लांब आणि रांगेच्या कठड्याची उंची १२.६ मीटर. डोळ्यापासून कठड्यापर्यंतचा चढ ११.१ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.९२५. कठड्याच्या वर ३ मीटरचा एक मजला असेल तर तो सुमारे ३.२५ मीटर मागे घेतल्यावर नजरेआड होतो. दोन मजले लपवायचे तर वरचा साडेसहा मीटर मागे हवा. रस्ता अरुंद असेल तर कमी अंतर पुरतं, रुंद असेल तर जास्त लागतं. आणि गल्लीच्या टोकावरून हे गणित लागू पडत नाही, तिथून वरचे मजले दिसतातच. म्हणून टोकावरचाही एक फोटो जोडा. फोटो डोळ्यांच्या पातळीवरून, झूम न करता काढावेत आणि प्रत्येकाची जागा नकाशावर क्रमांकाने दाखवावी.

काय मागायचं, काय मागायचं नाही

नवी इमारत जुन्याची नक्कल असावी, असं मागू नका. फायबरचे खांब आणि सिमेंटची खोटी नक्षी लावून बांधकाम करणारे ‘हेरिटेज लूक’ देतात आणि त्यामागे तोच अवाढव्य आकार उभा करतात. वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आग्रह असा की जुन्या वास्तूत भरलेला नवा भाग एकूण रचनेशी जुळावा, पण जुना म्हणून खपवला जाऊ नये. ओव्हल मैदानाकडे पाहा. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या बाजूला पुढच्या शतकातली आर्ट डेको शैली. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोहोंना मिळूनच जागतिक वारसा ठरवलं. आर्ट डेको तिच्या काळी आधुनिकच होती. तेव्हा वाद शैलीवर घालू नका. आकारमान, उंची, रस्त्याशी असलेलं नातं आणि साहित्य यांवर घाला.

यात सर्वांत मोठं नुकसान पार्किंगचे मजले करतात. खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी घराची ओसरी, बाहेरचा जिना, लाकडी कठडा हे थेट गल्लीवर येतात आणि माणसं एकमेकांना दिसतात. तिथे दोन मजली उंचीची जाळीदार भिंत आली की गल्ली मागच्या बोळासारखी होते. पार्किंग तळघरात किंवा मागच्या बाजूला न्यावं आणि तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकानं, दरवाजे, राहती खोली असावी, ही मागणी बहुतेक ठिकाणी उंचीच्या मागणीइतकीच महत्त्वाची ठरते. पाट्यांचाही विचार करा. दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत बसवण्याचं काम झालं, त्याने दगडी कमानी पुन्हा दिसू लागल्या. कमी खर्चाची आणि सहज मान्य होणारी अट आहे ही.

आणि हे मनापासून सांगायचं आहे. जुन्या चाळीत गळक्या छपराखाली, सामायिक संडासावर ज्यांनी आयुष्य काढलं त्या रहिवाशांना चांगलं घर हवंच आहे. त्यांच्या घराचं काय होणार याचं उत्तर नसलेली हरकत त्यांच्याविरुद्धच उभी राहते आणि सुनावणीत ते तसं म्हणतातही. म्हणून आधी त्यांच्याशी बोला. पुनर्वसनाचं क्षेत्र कमी न करता आकार कसा बदलता येईल ते दाखवा. वारसा बंधनांमुळे मालकाला जे चटईक्षेत्र वापरता येत नाही त्याबदली हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारं चटईक्षेत्र) देण्याची तरतूद नियमात आहे. तिचा उल्लेख करा.

बिल्डरचा पूर्वेतिहास, नवे रहिवासी कोण असतील, फ्लॅटचे भाव, भाडेकरू-मालक वाद, संमतीच्या सह्यांचा तंटा हे विषय या दारी नाहीत. त्यांतला एखादा खरा असला तरी योग्य जागी न्या. इथे आणला तर बाकीच्या मुद्द्यांचं वजन कमी होतं.

पत्र कसं लिहायचं

दोन पानं पुरेत. वर सूचनेचा क्रमांक आणि तारीख, सिटी सर्व्हे नंबर, विभाग, तुमचा पत्ता आणि त्या जागेपासूनचं अंतर. मग एकेक मुद्दा, प्रत्येकात कलम, वस्तुस्थिती, मागणी. नमुना असा:

‘मुद्दा १. नियम ५२ नुसार परिसरातील बांधकाम परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत असणे आवश्यक आहे. सोबतच्या नकाशा क्र. २ प्रमाणे लगतच्या सहा इमारतींच्या कॉर्निसची उंची ११.८ ते १२.६ मीटर आहे. प्रस्तावित इमारतीची रस्त्यालगतची दर्शनी भिंत १८.६ मीटर आहे. रस्त्यालगतची भिंत १२.६ मीटरपर्यंत मर्यादित ठेवून त्यावरील पहिला मजला किमान ३.२५ मीटर आणि दुसरा किमान ६.५ मीटर मागे घ्यावा, ही विनंती.’

शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी’ हे वाक्य विसरू नका. पत्र सूचनेत दिलेल्या अधिकाऱ्याच्याच नावे हवं. मंत्र्यांना, नगरसेवकांना प्रत जरूर द्या, पण मूळ पत्र तिकडे गेलं तर ते मुदतीत आलं असं धरत नाहीत. आवक कक्षात देऊन शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेलही पाठवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

छापील पत्रावर पाचशे सह्या घेणं सोपं, पण अहवालात ती सगळी एकाच मुद्द्याखाली एकत्र होतात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं. त्यापेक्षा दहा घरांनी दहा वेगळे मुद्दे लिहावेत: कुणी उजेडाचा, कुणी कॉर्निसचा, कुणी झाडाचा, कुणी अग्निशमन गाडी वळण्याच्या जागेचा. सामूहिक पत्र द्यायचंच असेल तर प्रतिनिधीचं अधिकारपत्र जोडा.

सुनावणी

बोलायला काही मिनिटंच मिळतात. रस्त्याचा नकाशा ए-३ आकारात छापून तीन प्रती न्या आणि बोलण्याआधी त्या टेबलावर ठेवा. सर्वांत जड मुद्दा पहिल्या मिनिटात सांगा. पत्र वाचून दाखवू नका, ते त्यांच्यापुढे असतंच. अधिकाऱ्याने विचारलं की ‘मग इमारत नकोच का?’, तर उत्तर तयार हवं: ‘हवी, या मापात हवी’. हजेरीपत्रकावर सही करा आणि बोललेलं सगळं एका पानात लिहून तिथेच पोच घेऊन द्या. इतिवृत्तात तुमचं म्हणणं चुकीचं आलं तर नंतर हेच पान कामी येतं.

परवानगी मिळाल्यावर

परवानगीसोबत अटी असतात: कॉर्निसची पातळी, भिंतीचा रंग, खिडक्यांचं साहित्य, जपायची झाडं. अटींचं पत्र माहितीच्या अधिकारात मिळवा आणि त्यातली मापं वहीत उतरवून घ्या. जोतं झाल्यावर एकदा आणि पहिला स्लॅब ओतायच्या आधी, सळ्या आणि साचे लागलेले असताना पुन्हा एकदा रस्त्यावरून लेसरने उंची मोजा. फरक दिसला तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून इमारत प्रस्ताव खात्याला आणि वारसा समितीला लेखी कळवा. साचा खाली घ्यायला एक दिवस लागतो, ओतलेला स्लॅब खाली घेत नाहीत. रंगाच्या आणि दगडाच्या अटींसाठी प्रत्यक्ष भिंतीवर साधारण एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून दाखवायला सांगा आणि तो सकाळी व दुपारी, दोन्ही उजेडांत पाहा.